माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेलं दगडी सील (समुद्रातला प्राणी), केसाळ झग्यातली बाहुली आणि आजीची चंद्रकोरीसारखी सुरी, कोणी ओळखेल का?

खाडीकाठ (हर्णै)

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळाय, कुठल्या धाग्यात टाकावा कळेना म्हणून नवीनच काढला. आमच्याकडे गणपतीच्या आधी दरवर्षी माळा झाडतात पण एक पत्र्याची ट्रंक कधी कोणी उघडली नव्हती, चावी आजीकडे असायची, आजी जाऊन सहा वर्षं झाली आणि चावी काही सापडली नाही. यंदा बाबा म्हणाले तोडा कुलूप. ट्रंक आजोबांच्या धाकट्या भावाची, आम्ही त्यांना भाऊआजोबा म्हणायचो, ते मालवाहू बोटीवर होते, लग्न केलं नाही, सुट्टीला यायचे ते आमच्याच घरी आणि येताना कायकाय घेऊन यायचे.

ट्रंकेत दोन जाड स्वेटर, बोटीचे कागद, मॉन्ट्रियलचं एक पोस्टकार्ड १९६६ चं, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक काळपट हिरव्या दगडाचं सील. वीतभर लांब, मान वर करून कोणाची तरी चाहूल घेतंय असं, हातात घेतलं की गार लागतं आणि चांगलं जड आहे. पोटाखाली कोरलंय इंग्रजी मोठा ई, मग ९, मग रेघ आणि पुढे आकडे (पूर्ण नंबर इथे टाकत नाही), शेजारी त्रिकोण आणि वाकड्या काड्यांसारखी तीन-चार अक्षरं. आधी वाटलं कुणा पोराने खिळ्याने ओरखडे काढलेत.

दुसरी एक बाहुली, तोंड लाकडाचं, अंगात केसाळ कातड्याचा झगा, डोक्यावर भलंमोठं टोपडं आणि त्याच्यात मागच्या बाजूला अजून एक इवलंसं तोंड. बाळ आहे ते! आईच्या लक्षात आलं, मला दिसलंच नव्हतं. झग्याला कसर लागलीय, एका बाहीचे केस हातात येतात.

आणि तिसरी वस्तू ट्रंकेत नव्हती, ती आमच्या स्वयंपाकघरातच होती आणि तिच्याकडे आम्ही कधी नीट बघितलंच नाही. आजी तिला ‘भाऊची सुरी’ म्हणायची. पातं चंद्रकोरीसारखं, धार बाहेरच्या गोल बाजूला, मधोमध लोखंडाची आखूड दांडी आणि तिच्यावर आडवी हाडासारखी मूठ. गुडघे गेल्यावर आजीला विळीवर बसता येईना तेव्हापासून ती ओट्यावर फळी ठेवून ह्या सुरीनेच बांगडे साफ करायची, सुरमईच्या तुकड्या पाडायची, राखेने घासून पुसून जाग्यावर ठेवायची आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. सील आणि सुरी एकाच प्रकारची असतील हे सुद्धा माझ्या डोक्यात आलं नसतं, पण जुन्या वस्तू घेणारा एक जण आला होता त्याने तिन्ही एकत्र बघून सांगितलं की एस्किमो लोकांचा टुरिस्ट माल आहे, सगळ्याचे मिळून दीड हजार देतो.

विकायचं नाहीये. पण हे नक्की काय आहे, नंबर कसला, अक्षरं कसली आणि बाहुली कशी वाचवायची, कोणाला काही माहिती असेल तर सांगा प्लीज.

आदाळो (मालवण)

माहिती काय नाय माका, पण सुरयेचा वर्णन वाचून आमची आये डोळ्यासमोर इली. आमच्याकडे विळयेक आदाळो म्हणतत आणि आयेचो आदाळो तिच्या आयेकडसून इल्लो. दीड हजारात देव नकात, बस.

उत्तरवारा (रत्नागिरी)

खाडीकाठ, मी आठ वर्षं कॅनडात विनिपेगला होते, तिथल्या आर्ट गॅलरीत इनुइट शिल्पांचा जगातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक सार्वजनिक संग्रह आहे आणि हिवाळ्यात बाहेर उणे तीस असलं की मी तिथे जाऊन बसायचे. त्यामुळे तुमची पोस्ट वाचून मला राहवलंच नाही, लांबलचक लिहितेय.

आधी नाव. एस्किमो म्हणू नका, कॅनडात ते लोक त्याला अपमान समजतात. इनुइट म्हणजे माणसं, एकच असेल तर इनुक.

सुरीला उलू म्हणतात, बायकांची सुरी. पुरुषाची वेगळी, बर्फाच्या विटा कापायची लांब सुरी वेगळी, पण उलू फक्त बाईची. सील सोलायचं, चामड्याच्या आतली चरबी खरवडायची, कातडं कापून कपडे बेतायचे, मासे कापायचे, बाळाला घास बारीक करून द्यायचा, सगळं तिनेच. मूठ बरोबर पात्याच्या वर असते म्हणून तळहाताचा जोर सरळ खाली धारेवर येतो आणि मनगट न वळवता पातं नुसतं पुढेमागे झुलवलं की काम होतं. तुमच्या आजीला म्हातारपणी ती सोपी का वाटली ह्याचं उत्तर इथेच आहे, तिला कोणी शिकवलं नाही, तिच्या हातालाच ते कळलं. पूर्वी पातं घासलेल्या पाटीच्या दगडाचं नाहीतर तिकडे सापडणाऱ्या तांब्याचं असायचं, पुढे व्यापाऱ्यांकडून लोखंड मिळायला लागल्यावर जुन्या करवतीचं पोलाद कापून करायला लागले. तुम्ही पात्याच्या वरच्या कडेला भिंग लावून बघा, करवतीचे दात घासल्याच्या खुणा कधीकधी राहतात. मध्ये दांडी असलेली घडण ही कॅनडाच्या पूर्वेकडची आणि ग्रीनलंडची, अलास्काकडे बहुतेक वेळा पातं सरळ मुठीतच खाच पाडून बसवतात. आणि हो, आदाळो यांनी म्हटलं तसंच तिकडेही आहे, उलू आईकडून नाहीतर आजीकडून मुलीकडे येते.

आता नंबर, आणि हे वाचताना मला नेहमीच वाईट वाटतं. इनुइटांमध्ये आडनाव नव्हतंच, एकच नाव, ते सुद्धा बहुतेक गेलेल्या माणसाचं बाळाला ठेवायचे म्हणजे तो माणूस परत आला अशी समजूत. सरकारी कारकुनांना आणि पोलिसांना ती नावं उच्चारता येईनात की लिहिता येईनात, म्हणून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येकाला नंबर कोरलेली एक गोल चकती दिली, गळ्यात घालायची नाहीतर कपड्यावर शिवायची. ई म्हणजे ईस्ट, पुढचा आकडा भागाचा, मग माणसाचा. जन्मलेल्या बाळालाही नंबर. १९७० च्या आसपास आडनावं नोंदवायची मोहीम झाली तेव्हा हळूहळू ते बंद झालं. मधल्या काळात शिल्प करणाऱ्यांनी सहीच्या जागी तोच नंबर कोरला कारण कागदोपत्री ते तेवढेच होते. म्हणजे तुमच्या सीलच्या पोटावर किंमत नाही आणि मालाचा नंबर नाही, तो एक माणूस आहे.

ई ९ हा हडसनच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्याचा भाग, कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा उत्तरेकडचा भाग, इनुकजुआक आणि पुविर्निटुक ही गावं त्यात येतात. आणि त्याचा मॉन्ट्रियलशी थेट संबंध आहे बघा. १९४८ ला जेम्स ह्यूस्टन नावाचा चित्रकार इनुकजुआकला गेला, तिथल्या लोकांनी दगडात कोरलेल्या छोट्या वस्तू बघून भारावला, काही घेऊन आला आणि पुढच्याच वर्षी १९४९ च्या नोव्हेंबरात मॉन्ट्रियलच्या हस्तकला गिल्ड नावाच्या संस्थेने त्या विकायला मांडल्या, तीन दिवसांत सगळ्या संपल्या. तिथून हे आत्ताचं शिल्पकाम सुरू झालं असं धरतात. कोल्ह्याच्या कातड्यांचे भाव पडले होते, लोक उपाशी होते, त्यामुळे दगड कोरणं हे घर चालवायचं साधन झालं. त्यात ‘टुरिस्ट माल’ म्हणून नाक मुरडण्यासारखं काय आहे? विकण्यासाठी केलं म्हणून हात कमी कसबी होत नाही, आपल्या सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी सुद्धा विकण्यासाठीच करतात की.

अक्षरं मात्र तुम्हाला आवडतील. ती इनुइटांच्या इनुक्टिटुत भाषेची लिपी आहे. १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने क्री नावाच्या तिथल्या मूळच्या लोकांसाठी ती बनवली, पुढे मिशनऱ्यांनी ती इनुइटांच्या भाषेला बेतली आणि इनुइटांनी एकमेकांना शिकवत लांबवर नेली. तिच्यात एक आकार म्हणजे एक व्यंजन आणि तोच आकार फिरवला की स्वर बदलतो, वर टोक केलं की वेगळा, डावीकडे वळवलं की वेगळा. बाराखडीच झाली ना! आणि हा योगायोग नाही, इव्हान्सला देवनागरीची माहिती होती आणि तिचा परिणाम ह्या लिपीवर झालाय असं बरेच अभ्यासक मानतात. त्रिकोण म्हणजे व्यंजन नसलेला नुसता स्वर, टोक वर असेल तर इ, उजवीकडे असेल तर उ, डावीकडे असेल तर अ. तुमचा त्रिकोण कुठे बघतोय ते सांगा.

नंबरावरून नाव शोधता येतं. इनुइट आर्ट फाउंडेशन म्हणून संस्था आहे त्यांच्याकडे कलाकारांची यादी आहे, त्यांना फोटोसकट ईमेल करा. सरकारने १९५८ पासून अस्सल कामावर लावायला इग्लूचं चित्र असलेला टॅग सुरू केला होता, २०१७ पासून तो ह्याच फाउंडेशनकडे आहे. तुमच्यावर टॅग नसला म्हणून नकली असं नाही, दोऱ्याने बांधलेला असतो, साठ वर्षांत गेला असेल. नकली असते ती दगडाची पूड घातलेली रेझिनची, साच्यातली, ती हाताला गार लागत नाही आणि कुठेतरी सांध्याची रेघ असते.

सुपारीची_बाग (मुरूड)

माहिती छान आहे पण मला एक खटकतंय. सीलच्या कातड्याची बाहुली घरात जपायची का? त्या पिल्लांना कसं मारतात त्याचे व्हिडीओ मी पाहिलेत, झोप लागली नव्हती. अमेरिकेत आणि युरोपात ह्या वस्तूंवर बंदी आहे ती उगाच नाही.

तांडेल_निवृत्त (दाभोळ)

सुपारीची बाग, तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबर आहे पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. व्हिडीओतली पांढऱ्या पिल्लांची ती व्यापारी शिकार, इनुइट माणूस सील मारतो ते घरी खायला. जिथे झाड उगवत नाही तिथे भात नाही भाजी नाही, मांस खातात, चरबी दिव्यात जाळतात, कातड्याचे बूट आणि कपडे, आतड्याचा रेनकोट, काही टाकत नाहीत. युरोपने २००९ ला बंदी केली त्यात इनुइटांना सूट दिलीय पण बाजारच बसला तर सूट घेऊन काय करणार, बिचाऱ्यांच्या कातड्याला भाव मिळेना. आपण खाडीवर राहतो, उद्या कोणी बाहेरून येऊन सांगितलं मासे मारणं क्रूर आहे जाळी जाळा तर आपल्याला कसं वाटेल.

मी चाळीस वर्षं बोटीवर काढली. हडसनच्या उपसागरात चर्चिल म्हणून बंदर आहे तिथे मी गहू भरायला गेलोय, ऑगस्टचा महिना होता, ते बंदर उन्हाळ्यातच चालतं बाकी वर्षभर समुद्र दगडासारखा. तिथे एक छोटं म्युझियम आहे, मिशनच्या लोकांनी १९४४ ला सुरू केलेलं, बोट धक्क्याला असताना मी तिथे गेलो. आपण दर्यावर्दी माणसं, त्यामुळे मला सगळ्यात जास्त नवल हार्पूनचं, म्हणजे दोरी बांधलेल्या शिकारीच्या भाल्याचं वाटलं. हार्पूनचं टोक जनावरात घुसलं की दांड्यापासून सुटतं आणि दोरीला ओढ बसली की आतल्या आत आडवं होतं, मग निसटायची सोय नाही, वरती दोरी हातात. वॉलरस नावाच्या समुद्री प्राण्याच्या हस्तिदंतासारख्या दाताचं किंवा शिंगाचं ते टोक, बोटभर, आणि त्याला इतकं डोकं लावलेलं. तीन काट्यांचा मासे मारायचा भाला पण होता, मधला काटा टोचतो आणि बाजूचे दोन आतल्या दातऱ्यांनी मासा धरून ठेवतात, पावसाच्या पहिल्या पाण्यात चढणीचे मासे मारायला माझे आजोबा भाला वापरायचे त्याची आठवण झाली.

खाडीकाठ, तुमच्या भाऊआजोबांसारखी माणसं मी बघितलीत, पगारातले पैसे वाचवून असल्या वस्तू घ्यायची. दारूचं दुकान सोडून ते अशा दुकानात शिरले ह्यातच सगळं आलं. एक विचारतो, ट्रंकेत लाकडाची नाहीतर हाडाची एक पट्टी आहे का, चष्म्याएवढी, मध्ये दोन आडव्या बारीक फटी असलेली? असली तर फेकू नका.

जुनी_वस्त्रं (पनवेल)

मी जुन्या कापडांच्या आणि चामड्याच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, बाहुलीबद्दल तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे ऊन दाखवू नका. आपल्याकडे कसर म्हटली की गच्चीत टाकतात, पण त्याने कातडं आखडेल आणि शिवण फाटेल. बाहुली स्वच्छ धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा, मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा हलकेच काढून तोंड टेपने पक्कं बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे अठराच्या खाली दोन आठवडे ठेवा. अळी आणि अंडी दोन्ही मरतात. मध्ये लाईट गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा, नाहीतर उपयोग नाही. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका, एक पूर्ण दिवस तशीच राहू दे म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, आत बाहुलीवर नाही. मग मऊ ब्रशने केस ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने झटका. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. पावसाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत ठेवू नका, आत घाम येतो, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की बदला.

झग्याची शिवण नीट बघा, बहुतेक ती दोऱ्याची नसेल. रेनडिअरच्या, त्यांच्याकडे कॅरिबू म्हणतात, पाठीच्या स्नायूबंधांचे तंतू काढून त्याने शिवतात. पाण्यात ते तंतू फुगतात आणि सुईचं भोक आपोआप बंद होतं, त्यामुळे बूट आत भिजत नाहीत. मुली बाहुल्यांचे असेच कपडे शिवून शिवण शिकायच्या आणि ते खेळणं नव्हतं नुसतं, टाका सैल राहिला तर शिकारीला गेलेल्या माणसाचा पाय गारठून जाईल एवढी त्याची किंमत. तुमच्या बाहुलीचा झगा म्हणजे अमाउती, बाळाच्या आईचा अंगरखा. बाळ टोपड्यात नाही, खाली पाठीवरच्या पिशवीत आईच्या अंगाला चिकटून बसतं, टोपडं दोघांना पुरेल एवढं मोठं असतं, आणि पाजायचं असेल तर आतल्या आत पुढे सरकवता येतं, बाहेरचा वारा लागत नाही. आपल्याकडे कातकरी बाया लुगड्याने पाठीशी पोर बांधतात ना, तेच, फक्त थंडीसाठी बेतलेलं.

दगडाला खोबरेल तेल लावू नका!! आपल्याकडे कशालाही लावतात म्हणून मुद्दाम सांगतेय. कोरडा मऊ ब्रश बास. सुरीच्या पात्याला मशीनच्या तेलाचा हात फिरवा, मुठीला नको. मूठ कशाची आहे त्याकडे लक्ष द्या, हाड असेल तर बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतील, वॉलरसचा दात असेल तर कापलेल्या टोकाला मधोमध शिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसतात, हत्तीच्या दातात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेघा असतात. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे आणि वरवर बघून कोणीही गोंधळेल, त्यामुळे उद्या कोणाला द्यायची किंवा परदेशी पाठवायची वेळ आलीच तर आधी वनखात्याला विचारा.

खाडीकाठ (हर्णै)

सगळ्यांचे आभार, काल रात्री आईला सगळ्या पोस्ट मोठ्याने वाचून दाखवल्या. नंबरवाला परिच्छेद दोनदा वाचायला लावला तिने.

पात्यावर खुणा आहेत! वरच्या कडेला पाच, अगदी पुसट. मुठीला काळे ठिपके दिसतायत, म्हणजे हाडच. त्रिकोणाचं टोक उजवीकडे आहे, म्हणजे उ. पुढची अक्षरं उत्तरवारा ताईंना फोटो काढून मेसेज केलीयत. फाउंडेशनला ईमेल पण गेला, त्यात मी लिहिलं की ह्या माणसाने केलेलं सील साठ वर्षं आमच्या घरात नीट आहे, त्यांचे नातेवाईक कोणी असतील तर त्यांना कळवा. बाहुली बंदरावरच्या एका ओळखीच्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलीय, त्यांच्याकडे जनरेटर आहे, डब्यावर ‘मासे नाहीत, उघडू नये’ असं आईने लिहिलंय.

आणि तांडेलकाका, पट्टी आहे. स्वेटरच्या बाहीत होती. आम्ही लहानपणी ती कुठल्याशा खेळण्याचा तुटलेला भाग समजून खेळायचो आणि मग आजीने एक दिवस काढून घेतली होती, ती कुठे गेली हे आत्ता कळलं. हे काय आहे?

तांडेल_निवृत्त (दाभोळ)

बर्फावरचा चष्मा. हिवाळा सरला की दिवस लांबलचक होतात आणि खालून बर्फ उन्हं परत फेकतं, काही तासांतच डोळे भाजून आंधळ्यासारखं होतं. काच नव्हती तेव्हापासून हा वापरतात, फटीतून लागेल तेवढाच उजेड आत येतो. दुपारी बारा वाजता पुळणीवर जा आणि लावून समुद्राकडे बघा, मग सांगा.

खाडीकाठ (हर्णै)

आत्ताच जाऊन आलो. ऊन कडक होतं, ओहोटी, ओल्या वाळूवरून नजर उचलवत नव्हती. पट्टी नाकावर धरली आणि सगळी लखलख एकदम गेली, पाणी निळं दिसायला लागलं आणि सुवर्णदुर्गाच्या तटाचे दगड वेगळे वेगळे दिसले, मला चष्मा आहे आणि तो घरी राहिला होता तरी. मग बाबांनी पट्टी मागून घेतली आणि बराच वेळ परत दिलीच नाही.